एक किलो म्हणजे किती?

[बाजारात वस्तू मोजण्यासाठी वजने आणि मापे असतात. संगणकात साठवलेली माहितीही मोजावी लागते. ती मोजण्याची एकके कोणती, एका एककाचे दुसऱ्या एककात रूपांतर कसे करायचे आणि तसे करताना माणसाची फसगत कोठे होते, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, समजा, रमजान ईद नुकतीच झाली आहे. घरातल्या मोठ्या माणसांनी दिलेली ईदी तुम्ही जपून ठेवली आहे. त्या पैशांतून तुम्ही जवळच्या दुकानातून ६४ जीबीचे मेमरी कार्ड विकत आणता. पाकिटावर ६४ हा आकडा ठळक छापलेला आहे. घरी आल्यावर तुमचे भाईजान ते कार्ड संगणकाला जोडतात. पडद्यावर आकडा दिसतो : ५९.६ जीबी. कार्ड अगदी कोरे आहे. त्यात एकही चित्र नाही, एकही गाणे नाही. मग उरलेले चार-साडेचार जीबी गेले कोठे?

तुम्ही तसेच दुकानात परत जाता.

"चाचा, या कार्डात माल कमी आहे. पाकिटावर चौसष्ट लिहिलंय आणि आत साठसुद्धा भरत नाहीत."

"बेटा, मी पाकीट फोडलेलं नाही. सगळ्या कार्डांत असंच दिसतं."

"असं कसं? एक किलो साखर घेतली, तर ती एक किलो भरायलाच हवी ना?"

चाचा गप्प बसतात. कारण त्यांनाही ठाऊक नसते. तुम्हांला वाटते, आपण फसलो. त्यांना वाटते, या मुलाने आपल्याला चार गिऱ्हाइकांसमोर खोटे ठरवले. तुमच्या दोघांत खरे कोण? गंमत अशी, की दोघेही खरे आहात. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी बाजारात जाऊ या.

नवी मुंबईत तुर्भ्याला घाऊक बाजार आहे. मुंबईच्या दाटीतून तो टप्प्याटप्प्याने येथे हलवण्यात आला. कांदा, बटाटा, मसाले, धान्य, फळे आणि भाज्या घेऊन येथे ट्रक येतात. समजा, एका ट्रकमधून कांद्याच्या ४५ गोण्या उतरल्या आणि प्रत्येक गोणी ५० किलोची आहे. मग एकूण वजन २,२५० किलो झाले. १०० किलोंचा एक क्विंटल, म्हणून ते साडेबावीस क्विंटल झाले. १० क्विंटलांचा एक टन, म्हणून ते सव्वादोन टन झाले. कांदा तेवढाच राहिला. फक्त एकक बदलले. लहान एककातून मोठ्या एककात जाताना भागायचे आणि मोठ्यातून लहानात येताना गुणायचे, एवढाच हा नियम आहे. तो तुम्ही पाचवी-सहावीतच शिकला आहात.

तुर्भ्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने उत्तरेकडे निघालात, की महापे, घणसोली, रबाळे, ऐरोली ही ठिकाणे लागतात. या औद्योगिक पट्ट्यात गेल्या काही वर्षांत वेगळ्याच प्रकारची गोदामे उभी राहिली आहेत. तेथे हमाल नाहीत, गोण्या नाहीत. आत रांगेने लोखंडी कपाटे असतात आणि कपाटांत संगणक असतात. ते रात्रंदिवस चालू असतात. ते तापू नयेत म्हणून थंड हवा सतत खेळवावी लागते. या गोदामांना डेटा सेंटर म्हणतात. बँकांचे हिशेब, रेल्वेची तिकिटे, लोकांची छायाचित्रे, पत्रे आणि गाणी अशा जागी साठवलेली असतात. जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्यावर येतात आणि या पट्ट्यात विजेची चांगली सोय आहे. म्हणून ही गोदामे येथे वाढली.

येथील माल डोळ्यांना दिसत नाही. मग तो कोणत्या तराजूत तोलायचा?

या मालाचे सर्वांत लहान एकक म्हणजे बिट. विजेचे बटण डोळ्यांसमोर आणा. ते एक तर चालू असते किंवा बंद असते. तिसरी स्थिती नाही. चालू म्हणजे १ आणि बंद म्हणजे ०. एवढी छोटी माहिती म्हणजे एक बिट. हा शब्द १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाच्या लेखात आला. तो आपल्याला जॉन ट्युकी यांनी सुचवला, असे शॅनन यांनी त्यात नमूद केले.

एका बिटाने फार काही सांगता येत नाही. म्हणून बिटांचे गट करतात. आज ८ बिटांचा एक बाइट मानला जातो. बाइट हे नाव १९५६ साली वर्नर बुखहोल्ट्झ यांनी दिले. एका बटणाच्या दोन स्थिती होतात. दोन बटणांच्या चार, तीन बटणांच्या आठ. असे दुपटीने वाढत गेले, की आठ बटणांच्या २५६ स्थिती होतात. इंग्रजीचे एक अक्षर साठवायला एक बाइट पुरतो.

तुमच्या मनात लगेच प्रश्न येईल, की आमच्या उर्दूचे काय? आणि मराठीचे काय? आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत उर्दूच्या एका अक्षराला दोन बाइट लागतात आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'किताब' हा शब्द उर्दूत काफ, ते, अलिफ, बे अशा चार अक्षरांनी लिहितात. म्हणून त्याला ८ बाइट लागतात. मराठीत 'पुस्तक' लिहिताना प, उकार, स, पाय मोडण्याचे चिन्ह, त आणि क अशी सहा चिन्हे होतात. म्हणून त्याला १८ बाइट लागतात. इंग्रजीत याच अर्थाच्या चार अक्षरी शब्दाला ४ बाइट पुरतात. वस्तू एकच, पण तिन्ही लिप्यांत तिचे वजन वेगळे!

आता मोठ्या एककांकडे वळू. येथेच आपल्या भांडणाचे मूळ आहे.

ग्रीक भाषेतून आलेल्या 'किलो' या शब्दाचा अर्थ हजार असा आहे. एक किलोमीटर म्हणजे हजार मीटर, एक किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम. त्याच न्यायाने एक किलोबाइट म्हणजे हजार बाइट व्हायला हवेत. पण संगणक दहाच्या पटीने मोजत नाही. तो दोनाच्या पटीने मोजतो. त्याच्या स्मृतीत लहान लहान खाने असतात. प्रत्येक खान्याला क्रमांक असतो आणि तो क्रमांक चालू-बंद होणाऱ्या तारांनी दाखवला जातो. दहा तारा घेतल्या तर किती खाने दाखवता येतील? दुप्पट करत चला : २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. म्हणजे १,०२४ खाने. हा आकडा हजाराच्या अगदी जवळ आहे. म्हणून संगणक बनवणाऱ्यांनी १,०२४ बाइटांनाच किलोबाइट म्हणायला सुरुवात केली. हजारावर २४ जास्त. एवढ्याने काय बिघडते, असे तेव्हा वाटले.

या मापाचे एक सुंदर उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी एक मोठा संगणक स्वतः तयार केला. तो १९६० साली काम करू लागला. पंडित जवाहरलाल नेहरूंनी १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याच्या मुख्य स्मृतीत २,०४८ खाने होते आणि प्रत्येक खान्यात ४० बिट मावत. आता आपण रूपांतर करू :

२,०४८ × ४० = ८१,९२० बिट
८१,९२० ÷ ८ = १०,२४० बाइट
१०,२४० ÷ १,०२४ = १० किलोबाइट

बरोबर दहा! बाकी काही उरली नाही. १,०२४ चे माप संगणकाच्या अंगाला कसे नेमके बसते, ते येथे दिसते. तुम्ही वाचत असलेला हा पाठसुद्धा टिफ्रॅकच्या मुख्य स्मृतीत मावला नसता. आणि तुमच्या ६४ जीबीच्या कार्डात तशा साडेबासष्ट लाख स्मृती मावतील.

आता दोन मापे झाली. एकाला आपण 'हजारी माप' म्हणू आणि दुसऱ्याला 'दुपटीचे माप' म्हणू. दोन्हींची नावे मात्र तीच राहिली. ती अशी :

किलोबाइट : हजारी मापाने १,००० बाइट, दुपटीच्या मापाने १,०२४ बाइट.
मेगाबाइट : हजारी मापाने १०,००,००० बाइट, दुपटीच्या मापाने १०,४८,५७६ बाइट.
गिगाबाइट : हजारी मापाने १,००,००,००,००० बाइट; दुपटीच्या मापाने १,०७,३७,४१,८२४ बाइट.

किलोबाइटमध्ये शंभरामागे अडीचपेक्षाही कमी फरक होता. मेगाबाइटमध्ये तो पाचाजवळ गेला, गिगाबाइटमध्ये सातांच्या पुढे गेला आणि त्यापुढच्या टेराबाइटमध्ये जवळजवळ दहावर पोहोचला. लहानपणी न दिसणारी फट मोठेपणी अशी रुंदावत गेली.

आता कार्डाचा हिशेब मांडा. कार्ड बनवणारे हजारी माप वापरतात. म्हणून ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट. भाईजानांच्या संगणकात विंडोज आहे. विंडोज दुपटीच्या मापाने मोजते, पण आकड्यापुढे 'जीबी' असेच लिहिते. मोठ्या एककात जायचे म्हणून भागाकार करू :

६४,००,००,००,००० ÷ १,०२४ = ६,२५,००,००० किलोबाइट
६,२५,००,००० ÷ १,०२४ = ६१,०३५.१६ मेगाबाइट
६१,०३५.१६ ÷ १,०२४ = ५९.६ गिगाबाइट

सापडला ना चोर? खरे तर चोर नव्हताच. पाकिटावरचे ६४ आणि पडद्यावरचे ५९.६ ही एकाच मालाची दोन वजने आहेत. कार्डातले बाइट तेवढेच आहेत. थोडीशी जागा कार्डाला स्वतःच्या अनुक्रमणिकेसाठी लागते, म्हणून कधी कधी आकडा आणखी किंचित कमी दिसतो. पण मोठा फरक पडतो तो मापामुळे.

असा घोटाळा आपल्या देशाला नवा नाही. पूर्वी धान्य मण आणि शेर यांत मोजत. चाळीस शेरांचा एक मण. पण मुंबईचा जुना मण आजच्या मापाने सुमारे १२.७ किलोचा होता आणि बंगालचा सुमारे ३७.३ किलोचा. दोन्हीकडे मण, दोन्हीकडे चाळीस शेर, तरी मालात जवळजवळ तिपटीचा फरक! गावोगावी मापे बदलत. जो दूरच्या बाजारात जाई आणि तेथील माप विचारत नसे, तो हमखास बुडे. म्हणून १९५६ साली देशभर एकच माप लागू करणारा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने वापरात आली.

पैशांची गोष्ट तर याहून जवळची आहे. पूर्वी एका रुपयाचे १६ आणे होत आणि एका आण्याचे ४ पैसे. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. आता 'पैसा' म्हटले की जुना की नवा, असा प्रश्न पडू लागला. सरकारने यावर सोपा उपाय केला. नव्या नाण्यावर 'नया पैसा' असे छापले. जुने पैसे व्यवहारातून गेले, लोकांना सवय झाली आणि १९६४ साली 'नया' हा शब्द गळला.

संगणकाच्या मापांसाठीही असाच उपाय करण्यात आला. विद्युत क्षेत्रातील मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली दुपटीच्या मापाला वेगळी नावे दिली. १,०२४ बाइट म्हणजे किबीबाइट. त्याच्या १,०२४ पट मेबीबाइट आणि त्याच्या १,०२४ पट गिबीबाइट. किलो, मेगा, गिगा ही नावे फक्त हजारी मापासाठी ठेवली. या हिशेबाने तुमचे कार्ड ६४ गिगाबाइटचे आणि ५९.६ गिबीबाइटचे आहे. दोन्ही विधाने अगदी बरोबर आहेत. पण 'नया पैसा' जसा प्रत्येकाच्या हातात पोहोचला, तशी ही नावे दुकानांत पोहोचली नाहीत. ॲपलने आपल्या मॅक संगणकांत २००९ सालापासून हजारी माप दाखवायला सुरुवात केली. विंडोजने दुपटीचे माप सोडले नाही. नव्या मोबाइलच्या खोक्यावर '८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. त्यांतली रॅम दुपटीच्या मापाने मोजतात आणि साठवण हजारी मापाने. एकाच खोक्यावर, एकाच ओळीत दोन मापे!

पूर्वी संगणकात फ्लॉपी नावाची चौकोनी तबकडी घालत. तिच्यावर १.४४ एमबी असे लिहिलेले असे. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावत. हा आकडा ना पूर्ण हजारी मापाचा, ना पूर्ण दुपटीच्या मापाचा. तो १,४४० गुणिले १,०२४ असा आहे. म्हणजे अर्धे माप एका घरचे आणि अर्धे दुसऱ्या घरचे!

आणखी एका ठिकाणी सांभाळायला हवे. इंटरनेटचा वेग बिटांत सांगतात आणि फाइलचा आकार बाइटांत. इंग्रजीत लिहिताना बिटासाठी लहान 'बी' आणि बाइटासाठी मोठा 'बी' वापरतात. घाईत हा फरक लक्षात येत नाही. समजा, तुमच्या घरी सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची जोडणी आहे आणि ७०० मेगाबाइटचा चित्रपट उतरवायचा आहे. सात सेकंदांत काम होईल, असे तुम्हांला वाटेल. पण आधी बिटांचे बाइट करायला हवेत. १०० ला ८ ने भागले, की १२.५ येतात. मग ७०० ला १२.५ ने भागा. उत्तर येते ५६ सेकंद. प्रत्यक्षात त्याहून थोडा अधिकच वेळ लागतो. सात मिनिटांचे काम सात सेकंदांत होईल असे सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवत नाही. येथेही तेवढीच सावधगिरी हवी.

हे सारे फक्त गाण्यांसाठी आणि चित्रपटांसाठी नाही. तुम्हांला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, असे समजा. अखेरची तारीख आजच आहे. अर्जावर सूचना आहे : 'छायाचित्र २०० केबीपेक्षा मोठे नसावे.' तुमचे छायाचित्र २ एमबीचे आहे. एखादा मुलगा म्हणेल, "दोन हे दोनशेपेक्षा लहानच आहे." तो अर्ज पुन्हा पुन्हा पाठवील आणि प्रत्येक वेळी तो परत येईल. रात्रीचे बारा वाजतील आणि वर्षभराची शिष्यवृत्ती हातची जाईल. ज्याला एकके ठाऊक आहेत, तो क्षणात सांगेल, की २ एमबी म्हणजे सुमारे २,००० केबी. म्हणजे छायाचित्र दहापट मोठे आहे. येथे १,००० घेतले काय किंवा १,०२४ घेतले काय, निर्णय बदलत नाही. मग तो काय करील? छायाचित्राची लांबी निम्मी आणि रुंदी निम्मी करील. त्यामुळे ठिपके चौथाई राहतात आणि आकार साधारण ५०० केबीवर येतो. तसेच पुन्हा केले, की तो साधारण १२५ केबी होतो. अर्ज वेळेत जातो.

काळाबरोबर एककेही कशी वाढली पाहा. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिले चकती-साठवण यंत्र बाजारात आणले. त्यात ५० मोठ्या चकत्या होत्या आणि ५० लाख अक्षरे मावत. त्या यंत्रात एक अक्षर ६ बिटांचे होते. म्हणजे ३ कोटी बिट, म्हणजेच ३.७५ मेगाबाइट. कपाटाएवढे ते यंत्र आज मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राने भरून जाईल. आता गिगाबाइटच्या पुढे टेरा, टेराच्या पुढे पेटा, मग एक्सा, झेटा आणि योट्टा अशी एकके आहेत. प्रत्येक आधीच्याच्या हजारपट. झेटा आणि योट्टा ही नावे १९९१ साली मान्य झाली. पनवेलजवळ २०२० साली सुरू झालेल्या एका मोठ्या डेटा सेंटरने हेच 'योट्टा' नाव घेतले आहे. एकावर चोवीस शून्ये म्हणजे योट्टा! तेही पुढे अपुरे पडेल, म्हणून २०२२ साली रोन्ना आणि क्वेट्टा ही आणखी दोन नावे आली. क्वेट्टा हे नाव ऐकून तुम्हांला एका शहराची आठवण होईल. पण त्याचा या नावाशी संबंध नाही.

तेव्हा मित्रांनो, संगणकातील माहितीचा कोणताही आकडा समोर आला, की स्वतःला तीन प्रश्न विचारा. पहिला, हे बिट आहेत की बाइट? दुसरा, हे किलो, मेगा, गिगा यांपैकी कोणते एकक आहे? तिसरा, मोजणाऱ्याने हजारी माप घेतले आहे की दुपटीचे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की उरते ती फक्त गुणाकार-भागाकाराची कसरत.

आता एक काम राहिले. त्या दुकानात पुन्हा जा. कार्ड बदलून मागण्यासाठी नव्हे. कागदावर तीन भागाकार करून चाचांना दाखवा आणि म्हणा, "चाचा, तुमचा माल पुरा होता. माझंच माप वेगळं होतं." उद्या दुसरे कोणी हाच प्रश्न घेऊन आले, तर त्यांच्याजवळ उत्तर असेल. आणि पुढच्या वेळी कोणाला खोटे म्हणण्याआधी तुम्ही विचाराल, की आपण दोघे एकाच मापाने मोजत आहोत ना?

शब्दार्थ

एकक – मोजण्याचे ठरलेले परिमाण. घाऊक – मोठ्या प्रमाणावरील (विक्री). खाना – कप्पा. गोदाम – माल साठवण्याची जागा. घोटाळा – गोंधळ. फसगत होणे – चूक होऊन नुकसान होणे. मानक – सर्वांनी मान्य केलेले प्रमाण. अनुक्रमणिका – काय कोठे आहे याची यादी.

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) एका बाइटमध्ये किती बिट असतात?
(२) देवनागरीच्या एका चिन्हाला किती बाइट लागतात?
(३) मुंबईत तयार झालेल्या संगणकाला 'टिफ्रॅक' हे नाव कोणी दिले?
(४) रुपयाचे १०० पैसे केव्हापासून झाले?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(१) संगणक बनवणाऱ्यांनी १,०२४ हा आकडा का निवडला?
(२) नव्या नाण्यावर 'नया पैसा' असे का छापले?
(३) मुलगा आणि चाचा दोघेही खरे कसे?

प्र. ३. हिशेब करा.
(१) हजारी मापाने ३२ जीबीचे कार्ड विंडोजमध्ये किती जीबी दिसेल?
(२) सेकंदाला ४० मेगाबिट वेगाने १५० मेगाबाइटची फाइल उतरायला किती सेकंद लागतील?
(३) 'कलम' हा शब्द उर्दूत तीन अक्षरांनी लिहितात. त्याला उर्दूत किती बाइट लागतील? देवनागरीत किती?

प्र. ४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठीत वाक्यांत उपयोग करा.
हिशेब, बाजार, दुकान, वजन, कायदा.

प्र. ५. वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
खोटे ठरवणे, हातची जाणे, नेमके बसणे.

उपक्रम : घरातील मोबाइलच्या खोक्यावरील आकडे वहीत लिहून घ्या. त्यांतील कोणता आकडा हजारी मापाचा आणि कोणता दुपटीच्या मापाचा, ते वर्गात सांगा.